जाहिरातीला हजार वॅट

"घरातली कुठलीही वस्तू सांगा, ती किती वीज खाते ते मी डोळे मिटून सांगतो," असं वॅटसर नववीच्या वर्गाला दर वर्षी सांगत, आणि खरोखरच डोळे मिटत. मग वर्ग एकेक नाव घेई. पंखा? सत्तर वॅट. मिक्सर? पाचशे. इस्त्री? हजार. सरांचे डोळे मिटलेले असताना मागच्या बाकांवर डबे उघडत, पण सरांचं उत्तर कधी चुकत नसे. त्यांचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर असेल कुठेतरी. शाळेत, गल्लीत आणि हल्ली घरातही त्यांना वॅटसरच म्हणत.

त्या वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, टीव्ही?"

"आमच्याकडचा पासष्ट. आता गणित करा. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होतं. म्हणजे टीव्ही दिवसाचे आठ तास लावून ठेवला तरी जेमतेम अर्धं युनिट. घरात त्याच्याइतका मिताहारी दुसरा कुणी नाही."

"तुम्ही मोजलंय, सर?"

सरांनी डोळे उघडले. एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यांनी मोजलं नव्हतं. पासष्ट हा आकडा टीव्हीच्या पाठीवर छापलेला होता. दुसरा कुणी असता तर त्याने पोरीला खाली बसवून पुढचा धडा काढला असता. पण आमच्या सरांचं कौतुक करायचं ते इथेच. ते म्हणाले, "नाही मोजलं. उद्यापासून मोजतो. आठवड्याभराने आलेख काढून वर्गात लावतो." आणि प्रयोगशाळेच्या कपाटातून त्यांनी एक वॅटमीटर सही करून घरी नेलं.

सरांच्या घरी माणसं तीन. सर, त्यांची बायको आणि बायकोचे वडील. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. सकाळी नऊला जाई ती संध्याकाळी सहाला येई. सासरे मात्र दिवसभर घरात असत, म्हणजे ते घरात असावेत अशी लेकीची सक्त ताकीद होती.

या म्हाताऱ्याने बेचाळीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून काढली होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते आणि पावलं संध्याकाळी सुजून चपलेत मावत नसत. त्या इस्त्रीवर लेक शिकली, नोकरीला लागली, आणि पहिला पगार झाला त्या दिवशी लाँड्रीत जाऊन तिने वडिलांचा हात धरून त्यांना टेबलापासून बाजूला केलं. "बाबा, आता माझ्या घरी यायचं आणि बसायचं. इस्त्रीला हात लावलात तर माझी शपथ आहे." तिने त्यांच्यासाठी मऊ खुर्ची घेतली आणि खुर्चीसमोर मोठा टीव्ही लावला. घरच्या कपड्यांचं गाठोडं ती रोज सकाळी जाताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे टाकी आणि येताना घेऊन येई. बापाला आराम मिळावा म्हणून ती जीव टाकत असे, आणि आपण तो मिळवून दिला याचं तिला फार समाधान होतं.

रोज दुपारी दोनला ती कामावरून फोन करी.

"बाबा, काय चाललंय?"

"टीव्ही बघतोय," सासरे सांगत. मागून आवाज येत असेच.

"काय आहे?"

"मालिका."

"काय चाललंय तिच्यात?"

"रडतायत," सासरे म्हणत. हे उत्तर तीन वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

आता सरांच्या शर्टाबद्दल सांगितलं पाहिजे. सरांचा शर्ट हा शाळेत एक बघण्याचा विषय होता. कॉलरची दोन्ही टोकं अशी बसलेली, की सर वळले तरी ती वळत नसत. बाहीची घडी खांद्यापासून मनगटापर्यंत एका रेषेत. शिक्षकांच्या खोलीत कुणी वाखाणणी केली, की सर म्हणत, "आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. कलावंत आहे हो." निम्म्या शिक्षकांनी त्याच्याकडे कपडे टाकून पाहिले. परत आले ते चारचौघांसारखे. सर म्हणाले, "तुमचं कापडच हलकं असेल."

एवढंच करून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण एकदा सकाळी आरशासमोर उभं राहून त्यांनी सासऱ्यांना कॉलर दाखवली. "बाबा, बघा. याला म्हणतात इस्त्री. तुमच्या वेळी असं काम व्हायचं का?"

सासऱ्यांनी कॉलर नीट पाहिली. "हात बरा आहे त्याचा," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

तर असं हे घर, आणि त्यात सरांनी वॅटमीटर लावलं. खोलीतल्या दणकट सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड निघाला होता आणि टीव्ही त्यात होता. सरांनी सॉकेट आणि बोर्ड यांच्यामध्ये ती पांढरी डबी बसवली. तिला दिवसभराचे आकडे मिनिटामिनिटाने लक्षात राहत. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण माणसाला प्रयोग चाललाय असं कळलं की तो शहाण्यासारखा वागायला लागतो आणि प्रयोग फुकट जातो, हेही सर नववीला शिकवत. सासऱ्यांनी डबी पाहून विचारलं, "हे काय, जावईबापू?"

"टीव्हीच्या तब्येतीसाठी आहे, बाबा."

"बरं केलंत," सासरे म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी सरांनी आकडे वाचले आणि चष्मा पुसला. मग पुन्हा वाचले. अर्धं युनिट व्हायचं तिथे जवळजवळ दोन युनिटं झाली होती. आणि आलेख तर असा, की तो काढताना सरांची पेन्सिल दोनदा मोडली. पासष्ट, पासष्ट, पासष्ट, आणि एकदम हजाराच्या वर उडी. एक मिनिट तिथे, की पुन्हा पासष्ट. दोन-तीन मिनिटांनी परत उडी. दुपारी बारा ते चार हाच खेळ. चारनंतर एकदम शांत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ठरावीक अंतराने उसळी मारून खाली बसणारी विजेची कोणती वस्तू असते, हे नववीच्या पुस्तकात पान अठ्ठेचाळीसवर आकृतीसह दिलेलं आहे आणि ती आकृती सरांनी एकोणीस वेळा फळ्यावर काढलेली आहे. पण सर विचार करत होते टीव्हीचा. टीव्हीवर दर थोड्या वेळाने येतं आणि मिनिटभराने जातं असं काय असतं?

संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या. निवेदिका म्हणाली, एक छोटासा ब्रेक घेऊ. टीव्हीचा आवाज एकदम वाढला, पडदा लखलखला आणि एक माणूस साबण हातात घेऊन ओरडू लागला. सरांच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला.

"जाहिराती," सर म्हणाले.

"काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून.

"जाहिरात लागली की टीव्ही हजार वॅट खातो. आवाज वाढतो, उजेड वाढतो, म्हणजे ताकद कुठून तरी येणारच ना. सगळ्या जगाच्या नजरेतून सुटलंय हे."

सासरे खुर्चीत जरा पुढे सरकले.

रविवारी सर स्टॉपवॉच घेऊन दिवसभर टीव्हीसमोर बसले. दुपारी लागणाऱ्या आणि रात्री आठला पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या मालिकेचे आठवड्याचे सगळे भाग रविवारी ओळीने दाखवत, ते धाकट्या सुनेच्या छळासकट सगळे बघितले, प्रत्येक जाहिरात टिपली. संध्याकाळी आकडे काढले तर अख्ख्या दिवसात एकही उडी नाही. दुसरा माणूस इथे खचला असता. सर अर्धा तास फेऱ्या मारून आले आणि त्यांनी वहीत लिहिलं : "रविवारी सगळी माणसं घरी असतात व गल्लीतले सगळे टीव्ही चालू असतात. जाहिरातींचा भार वाटला जातो." असं स्पष्टीकरण सुचायलाही डोकं लागतं, आणि ते सरांना होतं यात शंका नाही.

सोमवारी ही बातमी शिक्षकांच्या खोलीत फुटली. मंगळवारी मुख्याध्यापकबाईंनी आलेख पाहिला. त्या स्वतः भाषेच्या, त्यामुळे त्यांना आलेखाचा आकार फार आवडला. "सर, येत्या शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. पालक येणार आहेत. सगळ्यांसमोर करून दाखवा. टीव्ही तुमचाच आणा, म्हणजे शंकेला जागा नको."

घरी मात्र हे इतकं गोड झालं नाही.

"दुपारी बारा ते चार टीव्ही बंद ठेवावा लागेल," सर जेवताना म्हणाले. "दिवसाला दीड युनिट नुसतं जाहिरातींत जातंय. मी शाळेत एक सांगायचं आणि माझ्या घरात दुसरं, हे मला नाही जमणार."

बायकोने ताटातून हात काढला. "बाबांनी बेचाळीस वर्षं उभं राहून काढली. आता चार तास खुर्चीत बसून ते मालिका बघतात. त्यांना तेवढाच विरंगुळा आहे. तोही मोजायचा?"

"मी मोजलं नाही, मीटरने मोजलं."

"मग ठरवू या. शनिवारी सगळ्यांसमोर टीव्हीने हजार वॅट खाल्ले, तर टीव्ही तिथेच शाळेला देऊन टाका. नाही खाल्ले, तर या घरात बाबांच्या टीव्हीबद्दल पुन्हा एक शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले. शब्दाचे ते पक्के होते.

सासऱ्यांचा घास तोंडातच राहिला. "टीव्ही न्यायचाच आहे का शाळेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"काळजी करू नका, बाबा," लेक म्हणाली. "तुमचा टीव्ही मी कुठे जाऊ देणार नाही."

तुम्ही केव्हाच ओळखलं असेल, पण झालं कसं ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी सासरे खुर्चीत बसले ते कसेबसे आठ दिवस. नवव्या दिवशी पाय मोकळे करायला म्हणून कोपऱ्यावर गेले आणि इस्त्रीवाल्याच्या टपरीशी उभे राहिले. तो जावयाच्या शर्टाची कॉलर मधून टोकाकडे दाबत होता. कॉलर टोकाकडून मध्यात आणायची असते, नाहीतर सगळी चुणी टोकाला जाऊन बसते. सासऱ्यांनी उसासा टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. चौथ्या दिवशी इस्त्रीवाला म्हणाला, "आजोबा, तुम्ही उसासे टाकले की माझा हात थरथरतो. हे घ्या तुमचं गाठोडं, घरी न्या आणि करा हवं तसं."

सासऱ्यांनी ट्रंकेच्या तळातून आपली जुनी जड इस्त्री काढली. जेवणाच्या टेबलावर लाँड्रीतली घोंगडी पसरली. इस्त्री हजार वॅट ओढणारी वस्तू, तिला साधं सॉकेट चालेना, म्हणून ती टीव्हीच्या बोर्डात लावली. टीव्ही चालू ठेवला, कारण दोन वाजता लेकीचा फोन येणार. चारला टपरीवर गाठोडं परत दिलं, तेव्हा इस्त्रीवाल्याने शर्टाची कॉलर उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या गिऱ्हाइकांचे अवघड कपडे बाजूला काढून ठेवले होते. कोट, चुण्यांचे ड्रेस, पाणी लागलं की डाग धरणारं रेशीम. "एवढे जरा बघता का, आजोबा?" तेव्हापासून रोज दुपारी बारा ते चार हा माणूस लेकीच्या शपथेखाली चोरून काम करत होता आणि मनापासून सुखात होता. पाय सुजत. ते लेक यायच्या आत बादलीत बुडवून ठेवत.

शनिवारी सकाळी टीव्ही उतरवला. गुंडाळायला काहीतरी हवं म्हणून सरांनी कपाटावरची घोंगडी ओढली, तर ती मध्यभागी चांगली करपलेली. सरांनी ती उजेडात धरली.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "पाठीमागून किती तापत असेल, बघ. घोंगडी जळाली."

"घोंगडी कपाटावर होती," बायको म्हणाली.

"उष्णता वर जाते," सर म्हणाले.

सासरे घाईघाईने चप्पल शोधायला बाहेर गेले.

शाळेचा हॉल भरला होता. एका टेबलावर नववीने घरातली उपकरणं मांडली होती. पंखा, मिक्सर, इस्त्री, दिवे, प्रत्येकापुढे वॅटचा आकडा. मधल्या टेबलावर सरांचा टीव्ही, त्याच्याखाली एक्स्टेन्शन बोर्ड, पांढरी डबी, आणि डबीचा आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून मुलांनी वर भिंग लावलेलं. मागे कापडी फलक : "टीव्ही, घरातला बकासुर". फलक वर्षभर घडी करून कपाटात ठेवलेल्या जुन्या कापडावर रंगवला होता, त्यामुळे त्यावर आडव्याउभ्या सुरकुत्या होत्या आणि बकासुराचा "सु" एका सुरकुतीत अर्धा गेला होता. दुसऱ्या रांगेत लेकीशेजारी बसलेल्या सासऱ्यांची नजर त्या फलकावरून हलेना.

सरांनी प्रस्तावना केली. ती छान झाली. मग टीव्ही लावला. आकडा आला पासष्ट.

"आता जाहिरातीची वाट बघू," सर म्हणाले. हॉलमधल्या दोनशे माणसांनी आयुष्यात पहिल्यांदाच जाहिरातीची वाट पाहिली. सहा मिनिटांनी ती आली. दात घासणारं एक कुटुंब पडद्यावर हसू लागलं. सगळे पुढे वाकले.

"किती?" मुख्याध्यापकबाईंनी विचारलं.

"पासष्ट," पहिल्या बाकावरची मुलगी भिंगातून म्हणाली.

"ही लहान जाहिरात आहे," सर म्हणाले. "पुढची बघा."

पुढची तेलाची होती. पासष्ट. मग फर्निचरची. पासष्ट. सरांनी आवाज शेवटपर्यंत वाढवला, तेव्हा अडुसष्ट झाले आणि पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. उजेड वाढवला. त्र्याहत्तर.

"सर, गाडीची जाहिरात लावा," मागून एक पालक म्हणाला. "ती वजनाला जड असते."

हॉल हसला. मग दुसऱ्याने लोखंडी सळ्यांची जाहिरात सुचवली आणि सगळे आणखी हसले. नववीची मुलंही हसली. सर बटणं दाबत उभे होते. त्यांच्या त्या देखण्या कॉलरच्या आत मान लाल झाली होती. त्यांनी एकदा वही उघडली, एकदा मिटली. डोळे मिटून हजार आकडे सांगणाऱ्या माणसाला आता उघड्या डोळ्यांनी एकही सापडत नव्हता.

बायकोला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिला मुळीच झाला नाही. तिने वडिलांकडे पाहिलं, तर वडील जागेवर नव्हते.

नुसतं गप्प बसायचं होतं त्यांनी. टीव्ही जिंकला होता. तो घरी परत जाणार होता, बारा ते चार त्यांचे होते, कुणी पुन्हा शब्द काढणार नव्हतं. त्यांना एवढं कळत होतं. पण हा जावई त्यांना कधी अर्ध्या शब्दाने बोलला नव्हता, त्यांच्याच हातच्या कॉलरचं अख्ख्या गावभर कौतुक करत हिंडला होता, आणि आता चारशे डोळे त्याला हसत होते. म्हाताऱ्याला ते बघवलं नाही. ते उठले, नववीच्या टेबलाशी गेले आणि त्यांनी इस्त्री उचलली.

उचलून त्यांनी ती हातात तोलली. तळावरून अंगठा फिरवला. मग मधल्या टेबलाशी येऊन तिची पिन टीव्हीच्या बोर्डात बसवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "दुपारी यात हेही असतं."

"सर, एक हजार पासष्ट," मुलगी ओरडली.

सासऱ्यांनी मागचा फलक खेचून काढला, टीव्हीची घोंगडी टेबलावर पसरली आणि त्यावर फलक अंथरला. बोट ओलं करून तळाला लावलं, चर्र झालं. मग त्यांनी पेल्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला सुरुवात केली. पुरेशी तापल्यावर इस्त्री मिनिटभराने आपोआप टक्‌ करून बंद झाली.

"पासष्ट," मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा टक्‌. "हजार पासष्ट. सर, हा तर तुमचाच आलेख आहे. पान अठ्ठेचाळीस."

सर फलकाकडे बघत राहिले. टोकाकडून मध्याकडे, टोकाकडून मध्याकडे. सुरकुतीतून "सु" बाहेर आला. त्यांचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला.

"बाबा," ते म्हणाले, "हा शर्ट?"

"तुमचाच आहे. इस्त्री माझी आहे."

"आणि तो कोपऱ्यावरचा कलावंत?"

"पोरगा बरा आहे. कॉलर अजून यायचीय त्याला."

लेक पुढे आली होती. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलीही होती, दोन्ही एकदम. "तीन वर्षं, बाबा? मी तुम्हाला आराम दिला होता."

"दिलास गं," सासरे म्हणाले. "आराम आवडतो मला. दहा मिनिटं आवडतो. मग हात शोधायला लागतात."

"आणि ती मालिका?"

"एकदाही बघितली नाही. पण तू विचारायचीस तेव्हा नक्की रडत असायचे."

ती रडता रडता हसली. सर पुढे झाले. त्यांनी आधी सासऱ्यांच्या हातातली इस्त्री काढून नीट उभी ठेवली, आणि मग दोनशे माणसांसमोर खाली वाकून त्यांना नमस्कार केला. नंतर ते हॉलकडे वळले. "माझा निष्कर्ष चुकला," ते म्हणाले. "टीव्ही पासष्टच वॅट खातो. मोजलं बरोबर होतं, पण बोर्डात आणखी काय लावलंय ते मी बघितलंच नाही. आणि घरात कोण काय करतं तेही बघितलं नाही." चूक इतक्या सरळ कबूल करणारा मास्तर मुलांनी पहिल्यांदा बघितला, आणि त्या दिवशी सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. तोवर सासऱ्यांनी फलकाची दुसरी बाजू उरकली होती.

घरी तह झाला. काम चालेल, पण उभं राहून नाही. सरांनी सासऱ्यांच्या कोपराची उंची मोजून एक उंच स्टूल करून घेतलं आणि इस्त्रीसाठी वेगळं दणकट सॉकेट बसवलं. बारा ते तीन, तीननंतर पाय वर. लेकीने शपथ मागे घेतली. दोनचा फोन अजून येतो, पण आता ती विचारते, "बाबा, काय चाललंय?" आणि तेही तासभर सांगतात, रेशमाचं, चुण्यांचं, कुणाच्या कोटाच्या अस्तराचं.

शाळेत मात्र सरांची सुटका झाली नाही. सोमवारी मुख्याध्यापकबाई पिशवीतून चुण्यांचा ड्रेस काढून म्हणाल्या, "सर, एवढा तुमच्या टीव्हीला देता का? गाडीच्या जाहिरातीत झाला तरी चालेल." तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीतून रोज एक गाठोडं सरांच्या सायकलवरून घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी परत येतं. सासरे जावयावर खूश आहेत. तक्रार एकच, की जावईबापू गाठोडं फार आवळून बांधतात आणि वाटेत घड्या मोडतात.

सरांनी वर्गाला दिलेला शब्दही पाळला. त्यांनी टीव्ही एकट्याचा आठवडाभर पुन्हा मोजला आणि आलेख नववीच्या वर्गात लावला. दुपारी सपाट शून्य, कारण टीव्हीचा आवाज असला की सासऱ्यांचं कापडावर लक्ष राहत नाही. रोज संध्याकाळी आठ ते साडेआठ मात्र पासष्ट वॅटची एक सरळ रेघ होती.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, आजोबा तर टीव्ही बघत नाहीत. मग आठ ते साडेआठ कोण बघतं?"

सरांनी सवयीने डोळे मिटले. "जाहिराती मोजाव्या लागतात," ते म्हणाले. "प्रयोग अजून पूर्ण झालेला नाही."

"काय लागतं तेव्हा, सर?"

"मालिका."

"काय चाललंय तिच्यात?"

"रडतायत," सर म्हणाले, आणि मग त्यांना राहवेना. त्यांनी डोळे उघडले. "पण त्यात धाकट्या सुनेची काही चूक नाहीये."